खुडूक कोंबडीचा कारभार

अंड्यातून बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू पहिले चार-सहा आठवडे जगेल की मरेल, हा प्रश्न मनुष्याने हजारो वर्षे आपल्याकडे घेतलाच नव्हता; तो सर्वस्वी खुडूक बसलेल्या कोंबडीवर सोपविलेला होता, आणि तिनेही आपला हा कारभार, कोणत्याही शास्त्राचा आधार नसताना, बऱ्यापैकी चोख सांभाळला होता. एकवीस दिवस अंडी उबवावयाची, पिले बाहेर पडली म्हणजे त्यांना पंखांखाली ऊब द्यावयाची, ओल्या जागेवरून कोरड्या जागेवर न्यावयाचे, पायांनी माती उकरून किडा-मुंगी दाखवावयाची आणि आज ज्या जागी चरली तेथे उद्या न नेता दुसरीकडे हिंडवावयाचे, एवढीच तिची दिनचर्या. पण या साध्या दिनचर्येत रोगप्रतिबंधाची जवळजवळ सर्व मूलतत्त्वे सामावलेली होती. गेल्या दीडशे वर्षांत पिलांच्या रोगनिवारणाचा जो इतिहास घडला, तो पाहू गेल्यास असे दिसते की, मनुष्याने हा कारभार कोंबडीच्या हातून काढून घेतला खरा, परंतु तिच्याकडे नेमकी कोणकोणती कामे होती, हे त्याला पिले मेल्यानंतरच, एकेक करून, समजत गेले.

महाराष्ट्राच्या खेड्यांतील जुनी पद्धत पाहिली तर तीत मनुष्याचा वाटा अगदी जुजबी होता. खुडूक कोंबडीखाली आठ-दहा अंडी ठेवून तिला अंधाऱ्या कोपऱ्यातील टोपलीत बसवावयाचे. पिले निघाली म्हणजे घार, मुंगूस आणि मांजर यांच्यापासून जपण्यासाठी आईसकट डालग्याखाली झाकावयाचे. मूठभर कणी टाकावयाची आणि उथळ परळात पाणी ठेवावयाचे, एवढे केले की घरधनिणीचे कर्तव्य संपले. दहांतून तीन-चार पिले मोठी झाली तरी कोणी हळहळत नसे. कोंबड्या पाळणारी माणसे बहुधा भूमिहीन, आदिवासी, कोळी, मुसलमान आणि गावकुसाबाहेरची. सोवळ्या घरांत कोंबडीचा शिरकाव नसल्यामुळे पोथीपुस्तकांत तिच्या आजारांचा विचार झाला नाही, आणि तिच्यावर सारा बसत नसल्यामुळे सरकारी दप्तरातही तिची फारशी विचारपूस झाली नाही. माणसांत पटकी आली म्हणजे मरीआईला कोंबडे देण्याची चाल होती. परंतु खुद्द कोंबड्यांतच मर लागली म्हणजे काय करावे, याला दोनच उत्तरे होती: कापून खावे, नाही तर बाजाराच्या दिवशी नेऊन विकावे. यांतील दुसरे उत्तर शेजारच्या दहा गावांना किती महागात पडत असेल, याचा हिशेब मांडणारा त्या काळी कोणी नव्हता.

आश्चर्याची गोष्ट ही की, ज्या प्राण्याच्या आजाराकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्याच प्राण्याने प्रतिबंधक लसीच्या आधुनिक शास्त्राला जन्म दिला. लुई पाश्चर हा फ्रेंच शास्त्रज्ञ १८७९ साली कोंबड्यांच्या पटकीच्या जंतूंवर काम करीत होता. काही आठवडे पडून राहिलेले जुने कल्चर टोचले असता कोंबड्या आजारी पडल्या, पण मेल्या नाहीत. आणि त्याच कोंबड्यांना पुढे ताजे, जालीम जंतू टोचले तरी त्या तगून राहिल्या. जेन्नरने गाईच्या देवीचा उपयोग केला होता, पण तो निसर्गाने आयता पुरविलेला सौम्य रोग होता. प्रयोगशाळेत रोगाचा जहालपणा हेतुतः कमी करून त्याचीच लस करता येते, हे प्रथम सिद्ध झाले ते कोंबडीवर. १८८० साली पाश्चरने हे संशोधन प्रसिद्ध केले, आणि तेथून पुढे फाशी रोग आणि पिसाळ रोग यांच्या लसींचा मार्ग मोकळा झाला. मात्र कोंबडीच्या आणि विशेषतः तिच्या पिलांच्या वाट्याला या ज्ञानाचा लाभ येण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या.

हिंदुस्थान सरकारला जनावरांच्या रोगांची काळजी वाटू लागली ती बैल आणि घोडा यांच्यापायी. बुळकांडीच्या साथीने खेडीच्या खेडी बैलांवाचून ओस पडत, नांगर थांबे आणि वसुली बुडे. म्हणून डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यास, तेथील सायन्स कॉलेजच्या आवारात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे तिची सूत्रे आली. मुंबईस पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याआधी तीनच वर्षे, १८८६ साली सुरू झाले होते. परंतु भर वस्तीत जालीम जंतू बाळगणे धोक्याचे, आणि पुण्याची हवाही त्या कामाला उष्ण, असे ठरून १८९३ साली प्रयोगशाळेची रवानगी कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे झाली. पुढे बरेलीजवळ इज्जतनगर येथे तिची शाखा निघाली, आणि हीच संस्था आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यात रोवलेल्या या रोपाखाली कोंबडीच्या पिलाला जागा मिळावयास अजून अवकाश होता.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत, आणि मुख्यत्वे अमेरिकेत, निराळीच घडामोड चालली होती. कृत्रिम उष्णतेने अंडी उबविण्याची कला मुळात फार जुनी. ईजिप्तमधील मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबविली जात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उबवणी यंत्रे सुधारली आणि त्यांच्या जोडीला एका नैसर्गिक गोष्टीचा व्यापारी उपयोग लोकांच्या ध्यानात आला. कवच फोडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून निभावते. तेव्हा या मुदतीत ते पेटीत घालून दूरवर पाठविण्यास हरकत नाही. न्यू जर्सीतील स्टॉक्टन येथील जोसेफ विल्सन याने १८९२ साली अशी एक दिवसाची पिले आगगाडीने रवाना केली, आणि १९१८ पासून अमेरिकेच्या टपाल खात्यानेही ती स्वीकारण्यास आरंभ केला. पिलांना आईची गरज उरली नाही. एका कंदिलाभोवती किंवा शेगडीभोवती शेकडो पिले वाढविता येऊ लागली. पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश सेल्सिअस उष्णता द्यावी आणि पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी उतरवावी, हा ब्रूडरचा, म्हणजे पिलांना कृत्रिम ऊब देणाऱ्या साधनाचा, आजही पाळला जाणारा नियम म्हणजे पंखांखालच्या उबेचे आकड्यांत केलेले भाषांतरच होय. पिलांना थंडी लागली की ती एकावर एक चढून गुदमरतात आणि उष्णता अधिक झाली की दूर पांगून धापा टाकतात; म्हणून उष्णतामापकाकडे पाहण्याआधी पिलांकडे पाहावे, हा व्यावहारिक धडाही त्याच काळातील.

परंतु उबेची तरतूद झाली म्हणून कारभार पूर्ण हाती आला असे नव्हे, याचा प्रत्यय लवकरच आला. एका यंत्रात हजारो अंडी एकत्र आली आणि त्यांबरोबर पांढऱ्या हगवणीची साथही आली. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पिले पंख पाडून, डोळे मिटून उभी राहात. गुदद्वाराशी चुन्यासारखी पांढरी विष्ठा चिकटून बसे. आणि थव्यातील निम्मी-अधिक पिले पाहता पाहता संपत. कनेक्टिकट येथील लिओ रेट्गर याने १९०० सालाच्या सुमारास या रोगाचा जंतू वेगळा करून दाखविला, आणि पुढील काही वर्षांच्या अभ्यासाने एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली: रोग खुराड्यात सुरू होत नव्हता, तो अंड्यातच होता. लहानपणी या रोगातून वाचलेली कोंबडी दिसावयास धडधाकट असे, अंडी घाली, पण तिच्या अंडाशयात जंतू दबा धरून राहात आणि बलकावाटे पुढच्या पिढीत उतरत. यंत्रात अशी दोन-चार पिले फुटली की त्यांच्या लवेच्या धुळीतून शेजारची शंभर पिले दूषित होत. खुडूक कोंबडीच्या पंखांखाली आठ-दहाच पिले असल्यामुळे तेथे हा अनर्थ एका घराच्या उंबऱ्याबाहेर जात नसे. यंत्राने त्याचा उंबरा काढून टाकला.

या रोगावरचा उपाय मोठा उद्बोधक आहे, कारण तो पिलावर केलेला उपायच नव्हे. रोगवाहक आई ओळखून तिला थव्यातून काढून टाकणे, एवढाच तो उपाय. १९१३ साली तिच्या रक्ताची परीक्षा करून हे ओळखता येते असे दिसून आले. परंतु त्यासाठी रक्त प्रयोगशाळेत पाठवावे लागे आणि निकालाची वाट पाहावी लागे. १९३१ साली जी सुटसुटीत रीत प्रचारात आली, तिने हे काम थेट खुराड्याच्या दाराशी आणले. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर जांभळ्या रंगाने रंगविलेल्या मृत जंतूंच्या द्रावणाचा एक थेंब ठेवावयाचा. कोंबडीच्या पंखाखालची शीर सुईने टोचून रक्ताचा थेंब तारेच्या कडीने उचलावयाचा आणि दोन्ही थेंब एकत्र ढवळून फरशी हलकेच कलती करावयाची. मिश्रण एकसारखे राहिले तर कोंबडी निर्दोष. एक-दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या धरू लागल्या तर तिची जागा थव्यात नाही. अमेरिकेत १९३५ साली याच परीक्षेच्या पायावर राष्ट्रीय योजना उभी राहिली व निर्दोष थव्यांच्या अंड्यांनाच तसा दाखला मिळू लागला. आपल्याकडेही इज्जतनगर येथे हे रंगीत द्रावण तयार होऊ लागले आणि सरकारी कुक्कुटपालन केंद्रांत या परीक्षेचा परिपाठ पडला. पिलाचा रोग टाळावयाचा असेल तर त्याच्या आजीपर्यंत मागे जावे लागते, ही दृष्टी येथे प्रथम रूढ झाली.

आईपासून तोडलेल्या पिलाला दुसरा फटका बसला तो अन्नाचा. ईजकमन या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटातील बटाव्हिया येथे सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सुधारतात, हे पाहिले होते आणि जीवनसत्त्वांच्या शोधाचा ओनामा तेथे झाला होता; १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. हिवाळ्यात बंद घरांत वाढविलेल्या पिलांचे पाय वाकडे होऊन ती बसकण मारीत, याचे कारण ऊन न मिळणे हे आहे आणि माशाच्या यकृताचे तेल हा त्यावरील उपाय आहे, असे विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. कोंबडी पिलांना घेऊन कोवळ्या उन्हात हिंडे, किडे-कोवळी पाने टिपावयास शिकवी, त्यातच ही सारी तजवीज होती; ती आता खाद्याच्या पोत्यात भरून द्यावी लागली.

तिसरी गोष्ट जमिनीची. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना जी रक्ती हगवण लागते, तिचे कारण एक सूक्ष्म परोपजीवी आहे व तो आतड्याच्या अस्तरात वाढतो. अर्नेस्ट टायझर याने १९२९ साली या परोपजीवींच्या निरनिराळ्या जाती आणि त्यांचे जीवनचक्र विस्ताराने मांडले. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची बीजाणूसारखी अंडी लगेच रोग करीत नाहीत. त्यांना ऊब, ओल आणि हवा मिळून एक-दोन दिवसांत ती पक्व झाली म्हणजे मगच ती मारक ठरतात. या एका वस्तुस्थितीवर सगळी प्रतिबंधाची रीत उभी आहे. जमीन कोरडी असेल तर अंडी पक्व होत नाहीत. आणि पिले रोज नव्या जागी चरत असतील तर पक्व झालेली अंडी त्यांच्या चोचीत थोडकीच जातात. कोंबडी पिलांना हिंडवीत असे ते या कारणाने नव्हे, पण परिणाम हाच होई. शिवाय थोडा थोडा संसर्ग होऊन पिलाच्या अंगी प्रतिकारही येई. बंद घरात मात्र भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांची गादी अंथरून ती दिवसाआड हलवावी लागते, पाण्याच्या भांड्याभोवतालची ओली गादी काढून टाकावी लागते आणि चुन्याची फक्की मिसळावी लागते. कोकणात किंवा मावळात श्रावणाच्या झडीत ज्याने पिले वाढविली आहेत, त्याला हे सांगावयास नको की, मूठभर तूस हातात दाबले असता त्याचा गोळा होऊन तसाच राहिला तर पुढल्या आठवड्यात रक्ती हगवण आली म्हणून समजावे. १९४८ साली सल्फाक्विनॉक्झॅलिन हे औषध खाद्यात मिसळून नित्य देण्याची प्रथा सुरू झाली, आणि तेव्हापासून या औषधांची एक मालिकाच चालू आहे. पण परोपजीवी दर औषधाला काही वर्षांत सरावतो, आणि कोरड्या गादीला मात्र अजून सरावलेला नाही.

या सर्व रोगांहून ज्याने हिंदुस्थानातील कोंबड्यांचा अधिक संहार केला, तो रोग १९२६ साली एकाच वेळी जगाच्या दोन टोकांना प्रकट झाला. जावा बेटात क्रानेवेल्ड याने आणि इंग्लंडातील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या बंदराजवळच्या साथीवरून डॉयल याने त्याचे वर्णन केले. हा जुन्या परिचयाच्या कोंबड्यांच्या प्लेगाहून वेगळ्या विषाणूचा रोग आहे, हे डॉयलने सिद्ध केले. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांतून हा रोग इंग्लंडात उतरला असावा असा तर्क त्या वेळी करण्यात आला. थोड्याच अवधीत कुमाऊँतील राणीखेत येथे तशीच साथ उद्भवली आणि मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२८ साली तिची नोंद केली. तेव्हापासून आपल्या देशात हा राणीखेत रोग, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत मानमोडी. पिले तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट हगवण लागते, पंख-पाय लुळे पडतात, मान पिळवटून पाठीवर किंवा पोटाखाली जाते, आणि रोग जहाल असेल तर शंभरांतील नव्वदही मरतात. यावर औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

उरली ती लस. आणि लसीसाठी विषाणू वाढवावयास जिवंत पेशी हव्यात. येथे पुन्हा कोंबडीच उपयोगी पडली. गुडपाश्चर आणि वुडरफ यांनी अमेरिकेत १९३१ साली कोंबड्यांच्या देवीचा विषाणू उबवणीच्या अंड्यात वाढवून दाखविला होता. त्याच मार्गाने गणपती अय्यर आणि डॉब्सन यांनी १९४० साली राणीखेतचा विषाणू अंड्यामागून अंड्यांतून नेत नेत त्याचा जहालपणा उतरविला, आणि मुक्तेश्वर येथील विषाणूपासून तयार केलेल्या लसीचा वृत्तांत हॅडो व इदनानी यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. ही लस करण्याची रीत जवळून पाहण्याजोगी आहे. नऊ-दहा दिवस उबविलेले अंडे अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरतात. आत तांबड्या शिरांचे जाळे आणि हलणारा गर्भ दिसला म्हणजे ते चालते. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखून घेतात, त्यालगत कवचाला बारीक छिद्र पाडून विषाणूच्या द्रावणाचा थेंब आत सोडतात, छिद्र मेणाने बुजवितात आणि अंडे पुन्हा उबेत ठेवतात. दोन-तीन दिवसांत गर्भ मरतो. तोवर त्याच्याभोवतीच्या पाण्यात विषाणूंची अमाप वाढ झालेली असते. ते पाणी काढून, शीतशुष्क करून, काचेच्या कुप्यांत बंद केले की लस तयार. एका न जन्मलेल्या पिलाच्या मोबदल्यात शेकडो पिले वाचतात, असा हा व्यवहार आहे.

या लसीने मोठ्या कोंबड्या वाचल्या, पण नेमकी पिलेच अडचणीत राहिली. मुक्तेश्वरचा विषाणू सौम्य केलेला असला तरी सहा-आठ आठवड्यांच्या आतील पिलाला तो मानवत नसे; लसीनेच पिले लुळी पडत. तोवर त्यांचा वाली कोण, तर पुन्हा आईच. कारण लस टोचलेल्या कोंबडीच्या अंगची प्रतिकारद्रव्ये बलकात उतरतात, ही गोष्ट क्लेम्पेरर या जर्मन शास्त्रज्ञाने धनुर्वाताच्या बाबतीत १८९३ सालीच दाखविली होती. हा आईचा वारसा दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतो, आणि मधला महिनाभर पिल्लू उघडे पडते. ही फट बुजविण्यासाठी जन्मजात सौम्य विषाणू शोधणे प्राप्त झाले. अमेरिकेत हिचनर आणि जॉन्सन यांनी १९४८ साली असा एक विषाणू पुढे आणला. न्यू जर्सीतील ज्या शेतावर दुसरा सापडला त्या शेतमालकाच्या नावाने तो लासोटा म्हणून जगभर गेला. आणि इंग्लंडात ॲस्प्लिनने १९५२ साली वर्णिलेला एफ नावाचा तिसरा आपल्या देशात अधिक रुळला. तेव्हापासूनचा शिरस्ता असा: पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की त्याला अलगद मुठीत धरून, एका डोळ्यात किंवा नाकपुडीत लसीचा एक थेंब सोडावयाचा आणि त्याने डोळा मिचकावून तो आत घेतला की मगच त्याला खाली ठेवावयाचे, चौथ्या आठवड्यात पाण्यातून पुन्हा लस द्यावयाची, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वरची टोचावयाची. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने लस मरते, म्हणून त्या पाण्यात दुधाची भुकटी मिसळतात. आईचा वारसा फार बळकट असेल तर तोच लसीला निष्प्रभ करतो, म्हणून फार लवकरही देऊ नये आणि उशीरही करू नये; या दोन मर्यादांमधील थोड्या दिवसांचा मुहूर्त साधणे, यातच पिलांच्या लसीकरणाचे सारे कौशल्य आहे.

पुढील इतिहास झपाट्याचा आहे. बुडापेस्टच्या योझेफ मारेक याने १९०७ साली ज्या लुळेपणाचे वर्णन केले होते, तो विषाणूजन्य कर्करोग आहे असे इंग्लंडात चर्चिल आणि बिग्ज यांनी १९६७ साली ठरविले आणि १९७१ पर्यंत टर्की पक्ष्यापासून मिळविलेल्या निरुपद्रवी विषाणूची लस अमेरिकेत बाजारात आली. कर्करोगावरील पहिली परिणामकारक लस माणसाला नव्हे, एक दिवसाच्या पिलाला मिळाली. तिची एक जात द्रवरूप नायट्रोजनाच्या उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानात साठवावी लागते, आणि अंड्यातून बाहेर पडल्याबरोबर, खाद्याचा पहिला कणही पोटात जाण्यापूर्वी, मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. म्हणून हे काम पिले पाळणाऱ्याचे न राहता उबवणी केंद्राचे झाले. १९६२ साली डेलावेअरमधील गंबोरो या ठिकाणी कॉसग्रोव्ह याने नोंदविलेला रोग तर त्याहून धूर्त. तो पिलाच्या ज्या ग्रंथीत प्रतिकारशक्ती घडते तिच्यावरच घाला घालतो, आणि मग बाकीच्या लसीही वाया जातात. भारतात तो १९७१ साली उत्तर प्रदेशात प्रथम आढळला आणि १९९० नंतरच्या दशकात त्याच्या जहाल लाटेने व्यावसायिकांना हवालदिल केले.

याच काळात महाराष्ट्राचा या इतिहासाशी पुन्हा संबंध आला. पुण्यास औंध येथील राज्य शासनाच्या संस्थेत राणीखेत आणि देवी यांच्या लसी तयार होऊन जिल्हा-तालुक्यांच्या दवाखान्यांकडे रवाना होऊ लागल्या. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेस वेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था काढली आणि पुढे तिचे मुख्य ठाणे पुण्यास आले. १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. शेतकऱ्याला निर्दोष मातृथव्याची, उबवणी केंद्रातच लस टोचलेली, जीवनसत्त्वयुक्त खाद्यासह मिळणारी पिले दारात पोहोचू लागली. खुडूक कोंबडीचा कारभार अशा रीतीने खातेवार वाटला गेला: ऊब ब्रूडरकडे, अन्न खाद्याच्या गिरणीकडे, कुळाची शुद्धता रक्तपरीक्षेकडे, प्रतिकार लसीकडे आणि जमीन तुसाच्या गादीकडे.

या वाटणीत एक खोट मात्र शिरली. १९५० च्या सुमारास प्रतिजैविके खाद्यात थोडी थोडी मिसळली असता पिले लवकर वाढतात असे आढळून आले, आणि पुष्कळ ठिकाणी ती स्वच्छतेचा, विरळ जागेचा आणि खेळत्या हवेचा स्वस्त पर्याय म्हणून वापरली जाऊ लागली. त्याचा परिणाम असा झाला की, पिलांच्या पोटातील जंतू औषधांना निर्ढावले आणि माणसांच्या रुग्णालयांतील अखेरच्या उपायांवरही संकट आले. म्हणूनच २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा खाद्य-प्राण्यांतील वापर बंद केला. वरील सर्व हकीकतीत ज्या ज्या ठिकाणी कायमचे यश मिळाले, ते रोगाचे मूळ उगमाशी तोडल्यामुळे मिळाले. जेथे औषधाने वेळ मारून नेली तेथे रोग परत आला. हा निवाडा इतिहासाने पुरेशा वेळा दिलेला आहे.

आणि खेड्यातील ते गावठी पिल्लू? ते अजून बहुतांशी आईच्याच हवाली आहे, आणि मानमोडीपुढे आई हतबल आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची, बर्फावाचून न टिकणारी आणि एकदा कालविली की दोन-एक तासांत संपवावी लागणारी. पाच कोंबड्यांच्या मालकिणीने ती आणावी कशी आणि वापरावी कशी? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांचे सहकारी यांनी उष्णतेला दाद न देणाऱ्या लसी याच प्रश्नासाठी सिद्ध केल्या आणि मोझांबिक, टांझानिया यांसारख्या देशांतील खेड्यांत त्या डोळ्यात थेंब सोडून दिल्या जातात; तेथे ठरावीक महिन्यांनी गावातील सर्व कोंबड्यांना एकदम लस देण्याची रीत पाडण्यात आली आहे. आपल्याकडे शास्त्राची उणीव नाही, लस आहे, दवाखाना आहे. उणीव आहे ती बंदोबस्ताची. वर्षातून तीन-चार वेळा एक दिवस नेमून, पहाटे कोंबड्या डालग्याखालून सोडण्यापूर्वी, सबंध गावाच्या पिलांना आणि कोंबड्यांना एकाच वेळी लस द्यावी, आणि ज्या घरात मर लागली आहे त्या घरची कोंबडी त्या आठवड्याच्या बाजारात जाऊ देऊ नये, एवढे काम ग्रामपंचायतीने व गावच्या बचत गटांनी अंगावर घेतले तर मानमोडीचा उपद्रव एका-दोन वर्षांत निम्म्यावर आल्यावाचून राहणार नाही. ज्या बाईच्या हाती कोंबडी आणि अंड्यांखेरीज स्वतःचा म्हणावा असा पैसा येत नाही, तिच्यासाठी एवढी तसदी घेणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्यच आहे.